तेल थिजवायचं तंत्र : घरी मलम, बाम आणि लिपबाम करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात मी धाकट्या बहिणीला नागपूरला टाचांच्या मलमाच्या सहा डब्या कुरिअरनं पाठवल्या. पुण्यात माझ्या ओट्यावर ते मलम इतकं छान बसलं होतं की बोटाचा ठसा उमटत होता. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, मलम पाठवलंयस की फोडणीचं तेल?" डब्यांच्या झाकणांतून तेल झिरपून खोकं पारदर्शक झालं होतं. कुरिअरवाल्याचा काही दोष नव्हता. मी मेण ८ टक्के घातलं होतं, बाकी सगळं खोबरेल आणि शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात याचं दुसरं काय होणार होतं?

तेव्हापासून मी पाककृती गोळा करणं सोडलं आणि तेल घट्ट कशामुळे होतं ते समजून घ्यायला लागले. ते एकदा कळलं की कुठलीही पाककृती आपल्या गावच्या हवेप्रमाणे बदलता येते.

तेल घट्ट होत नाही, अडकतं

मलमातलं तेल शेवटपर्यंत तेलच राहतं. आपण त्यात मेण वितळवतो, मग मिश्रण गार होतं आणि मेणाचे सूक्ष्म, चपटे स्फटिक तयार होतात. ते एकमेकांना टेकून जाळं विणतात आणि त्या जाळ्याच्या घरांत तेल अडकून बसतं. म्हणून १५ टक्के मेण ८५ टक्के तेलाला धरून ठेवू शकतं. पेट्रोलियम जेलीसुद्धा याच धर्तीची आहे. तिथे खनिज तेल अडकलेलं असतं आणि जाळं त्याच कुळातल्या मेणाचं असतं.

पुढची सगळी कृती हे जाळं सांभाळण्यासाठीच आहे. धागा पुरेसा हवा, तो आधी पूर्ण वितळायला हवा, विणकाम होताना उगाच धक्का लागायला नको आणि तुमच्याकडच्या उन्हाळ्यात जाळंच वितळून जायला नको.

यावरून हेही लक्षात येईल की गवार गम, झँथन गम, जिलेटिन, कॉर्नफ्लोअर, कार्बोमर हे पदार्थ इथे का चालत नाहीत. ते पाण्यात फुगतात आणि पाणी घट्ट करतात. तेलात टाकले तर तळाशी वाळूसारखे बसून राहतात. कोरफडीचा गर तेलात घोटून "जेल" करायचे प्रयोग नवशिके हमखास करतात, मीही केलेत. दोन दिवसांत पाणी वेगळं होतं आणि आठवड्याभरात बुरशीचा वास यायला लागतो. निव्वळ तेला-मेणाच्या मलमात पाण्याचा थेंबही नको, म्हणजे परिरक्षकाचीही (प्रिझर्व्हेटिव्हची) गरज पडत नाही.

मधमाशीचं मेण : सुरुवात इथूनच करा

हे साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं, जवळपास सगळ्या वनस्पती तेलांशी जुळतं आणि चुका पोटात घालतं. आयुर्वेदातलं सिक्थ तैल म्हणजे हेच मेण घातलेलं तेल. सिक्थ म्हणजे मेण. एक भाग मेण आणि पाच-सहा भाग तिळाचं तेल, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण १४ ते १७ टक्के मेण. दुसऱ्या शतकातल्या रोमन साम्राज्यात गेलेन या वैद्याच्या नावावर असलेली कोल्ड क्रीमची कृतीही मेण आणि तेलाचीच, त्यात पाणी घोटलेलं. दोन वेगळ्या परंपरा एकाच डब्याशी येऊन थांबल्या, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

मेणाचं प्रमाण नेहमी वजनानं धरा. "दोन चमचे मेण" याला काही अर्थ नाही. किसलेलं मेण, मण्यांचं मेण आणि खड्यांचं मेण एकाच चमच्यात निरनिराळं भरतं. माझे अंदाज असे :

३ ते ५ टक्के – दाटसर, ओतता येणारं तेल. थोडं गढूळ दिसतं
१० ते १२ टक्के – मऊ मलम, बोटानं सहज निघणारं
१५ ते २० टक्के – डबीतला बाम, बोट थोडं घासावं लागतं
२५ ते ३० टक्के – कांडीचा लिपबाम

मेण घेताना मधपाळांकडून मिळालं तर उत्तम. महाबळेश्वर भागात चौकशी करायला हरकत नाही. चांगल्या पिवळ्या मेणाला मधाचा मंद वास असतो. खूप दिवस ठेवलं की त्यावर पांढुरकी भुकटी धरते. ती बुरशी नव्हे, फडकं गरम पाण्यात पिळून पुसलं की जाते. भेसळ बहुधा पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या मेणाची असते. मेणबत्तीचे तुकडे मात्र वितळवू नका. त्यांत रंग, सुगंध आणि काय काय असतं ते आपल्याला माहीत नसतं, आणि मलम आपण ओठांना लावणार असतो.

कोकमतेल : आपल्याच परसातलं घट्ट तेल

बाजारात हल्ली याला "कोकम बटर" म्हणतात आणि शिया बटरच्या शेजारी मांडतात. तळकोकणात आणि गोव्यात हेच भिरंडेल. आमसुलं करून उरलेल्या बिया वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि वर तरंगणारी चरबी काढून हातानं गोळे वळायचे. आजी थंडीत पळीत त्या गोळ्याचा तुकडा पातळ करायची आणि भेगांत कोमट असतानाच सोडायची. वरून मोजे. सकाळी पायाला चिकटपणा नसायचा, हे तेव्हाही नवल वाटायचं.

त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. कोकमतेलात स्टिअरिक आम्लाचं, म्हणजे तेलाला कडक करणाऱ्या मेदाम्लाचं प्रमाण खूप जास्त असतं, साधारण निम्मं किंवा त्याहून थोडं अधिक. उरलेल्यात मुख्यतः ओलिक आम्ल. त्यामुळे ते साध्या हवेत कडक आणि ठिसूळ राहतं, ३८ ते ४२ अंशांच्या आसपास वितळतं. कातडीवर चोळलं की हळूहळू पातळ होतं आणि ओशटपणा कमी ठेवतं. शिया बटर त्याहून कमी तापमानाला मऊ पडतं आणि खोबरेल तर २४ अंशांनाच पातळ होतं. माझ्या त्या सहा डब्यांचं गणित इथेच चुकलं होतं.

पण कोकमतेलावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. विदर्भातल्या उन्हात तेही वितळेल. ते मलमाला अंग देतं, उन्हात टिकायचा कणा मेणच देतं.

बाकीचे जाड करणारे

मधमाशीचं मेण नको असेल तर कँडेलिला हा पहिला पर्याय. हे उत्तर मेक्सिकोच्या वाळवंटी भागातल्या झुडपापासून मिळतं आणि ७० अंशांच्या आसपास वितळतं. ते फार कडक असतं, म्हणून मधमाशीच्या मेणाच्या निम्म्यानं सुरुवात करा. चकाकी छान येते, पण लवचीकपणा कमी असल्यामुळे कांडी कधीकधी तडकते. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा त्याहूनही कडक, ८२ ते ८६ अंशांचं. ते २-३ टक्क्यांच्या वर एकटं वापरू नये. लिपस्टिकमध्ये ही दोन्ही मेणं इतर मेणांच्या जोडीनं असतात. भाताच्या कोंड्याचं मेणही याच पंगतीतलं आणि तेल धरून ठेवण्यात कुशल.

सीटिल अल्कोहोल आणि सीटोस्टिअरिल अल्कोहोल या नावांना घाबरू नका. हे स्पिरिटसारखं अल्कोहोल नाही, पांढऱ्या मेणचट पाकळ्या असतात आणि साधारण ५० अंशांना वितळतात. ते मलमाला मखमली करतात, पण एकट्यानं घट्ट जाळं धरत नाहीत. मेणाच्या जोडीला ३ ते ५ टक्के पुरे. ते पाणी-तेल एकजीव करतात असा समज आहे. पाणी-तेल जोडणारा पदार्थ दुसरा असतो, हे फक्त त्याला टेकू देतात. स्टिअरिक आम्ल कडकपणा देतं, पण जास्त झालं की मलम कोरडं ओढतं आणि पांढरे डाग ठेवतं.

एरंडेलापासून केलेलं "कॅस्टर वॅक्स", म्हणजे हायड्रोजनीकरण केलेलं (हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं) एरंडेल, ८५ ते ८८ अंशांना वितळतं. उन्हाळ्यासाठी हा हुकमी पत्ता, थोडं घातलं तरी फरक पडतो. तापवावं मात्र जास्त लागतं आणि घरच्या पाण्याच्या वाफेवर ते वितळायला जीव मेटाकुटीला येतो.

कारखान्यांतले काही प्रकार मेणाचे नसतातच. फ्यूम्ड सिलिका हा ढगासारखा हलका पांढरा भुगा तेल न तापवता घट्ट करतो. त्याचं जाळं मेणाचं नसल्यानं उन्हात वितळत नाही. खनिज तेलात तो जोरात काम करतो, एरंडेलासारख्या तेलात बराच मंदावतो. हाताळताना उडतो, म्हणून मास्क हवाच. नेलपॉलिशमध्ये रंग तळाशी बसू नये म्हणून खास प्रक्रिया केलेली माती असते, तीही याच कामाची. माझ्या मते घरच्या ओट्यावर या दोघांचं काम नाही.

आता प्रत्यक्ष कृती

साहित्य : ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, स्वयंपाकाचा थर्मामीटर, जाड बुडाचं पातेलं, त्यात बसणारी स्टीलची वाटी किंवा काचेचं भांडं, ढवळायला काडी आणि कोरड्या डब्या. डब्या धुऊन उन्हात खडखडीत वाळवा.

पहिल्या खेपेला किलोभर करायला जाऊ नका. ५० ग्रॅम पुरे. चुकलं तरी पायाला लावून संपवता येतं.

टाचांच्या मलमाचं माझं सध्याचं प्रमाण १०० भागांत असं आहे : तिळाचं तेल ६२, कोकमतेल २०, मेण १७.५, ई जीवनसत्त्व ०.५. म्हणजे ५० ग्रॅमसाठी तेल ३१, कोकमतेल १०, मेण ८.७५ आणि ई जीवनसत्त्व पाव ग्रॅम. महाबळेश्वर किंवा नाशिकच्या थंडीत हे जरा कडक वाटेल, तिथे मेण १३ वर आणा आणि तेवढं तेल वाढवा.

एक. पातेल्यात दोन बोटं पाणी घेऊन मंद आचेवर ठेवा. वरच्या भांड्यात मेण आणि थोडंसं तेल घाला. तेल-मेण थेट शेगडीवर कधीही ठेवू नका. ते पेट घेऊ शकतं, आणि पेटलेल्या तेलावर पाणी टाकणं म्हणजे आणखी संकट. झाकण टाकून आच बंद करायची, एवढंच.

दोन. मेण पूर्ण वितळलं की कोकमतेल घाला आणि मग उरलेलं तेल. हे तेल कोमट करून घेतलेलं असावं. गार तेल एकदम ओतलं की मेण गचकन थिजतं आणि गाठी होतात. घाबरू नका, पुन्हा तापवलं की त्या विरतात.

तीन. मिश्रण ७० ते ७५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं धरा. दिसायला ते पाच मिनिटांतच पारदर्शक होतं, पण थोडा वेळ जास्त द्यावा. अर्धवट वितळलेले कण राहिले तर पुढे त्यांच्याभोवती खडबडीत स्फटिक वाढतात.

चार. बशीची परीक्षा. आधीच फ्रीजमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या बशीवर एक थेंब टाका आणि मिनिटभरानं बोटानं दाबून पाहा. साखरेचा पाक एकतारी झाला की गोळीबंद हे आपण जसं थेंबावरून ओळखतो, तसंच. फार मऊ वाटलं तर अर्धा ग्रॅम मेण, फार कडक वाटलं तर दोन ग्रॅम तेल. पुन्हा वितळवा, पुन्हा थेंब. काय घातलं ते वहीत लिहा. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

पाच. आचेवरून उतरवा. ६० अंशांच्या आसपास ई जीवनसत्त्व घाला. त्यामुळे तेल खवट व्हायला उशीर लागतो, जंतू मात्र मरत नाहीत. सुगंधी तेल घालायचंच असेल तर अर्धा टक्का ते एक टक्का, त्यापुढे नाही. लिंबाचं तेल उन्हात जाणाऱ्या कातडीला नको, लवंगेचं ओठांना नको. तान्ह्या बाळासाठी करत असाल तर सुगंध पूर्ण वगळा.

सहा. ओता. कांडीच्या नळीत फार गरम ओतलं तर गार होताना मधे खळगा पडतो. म्हणून कडेला गढूळपणा दिसायला लागला की ओता आणि वरची उरलेली जागा शेवटी भरा.

गार करणं ही खरी परीक्षा

आपण तूप कढवल्यावर ते रवाळ व्हावं म्हणून हळूहळू गार होऊ देतो. हळू गार होताना जड चरबीचे कण एकत्र येऊन मोठे होतात आणि तूप दाणेदार दिसतं. तुपात जे कौतुकाचं, ते मलमात दोष. शिया किंवा कोकमाचं प्रमाण जास्त असलेलं मलम सावकाश गार झालं की रव्यासारखे दाणे धरतं. ते खराब झालेलं नसतं, दाणे फक्त बोटाला लागतात.

म्हणून असं मलम परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात भांडं ठेवून गार करा. पाणी आत उडू देऊ नका. कडेनं घट्ट व्हायला लागलं की तळापासून घोटत राहा, आणि पातळ श्रीखंडाइतकं दाट झालं की पटकन डब्यांत भरा. दाणे आधीच पडले असतील तर पुन्हा ७० अंशांवर न्या, वीस मिनिटं धरा आणि याच रीतीनं गार करा. नुसतं ४०-४५ अंशांवर कोमट करून उपयोग नाही.

मेणच मुख्य असलेल्या बामाला मात्र हे नको. डबी सपाट जागी ठेवा आणि हात लावू नका. ढवळत गार केलेलं मलम मऊ राहतं, न ढवळता गार केलेलं कडक होतं, कारण ढवळताना जाळं तुटत जातं आणि तुटलेलं जाळं पहिल्यासारखं जुळत नाही. मला हा फरक फार उपयोगी वाटतो. एकाच प्रमाणातून डबीतला बामही होतो आणि पसरणारं मलमही. कांडी करताना मात्र कधीही ढवळू नका, लावताना ती वाकेल.

दुसऱ्या दिवसाआधी निकाल देऊ नका. कोकमतेल असलेलं मलम तर तीन-चार दिवस घट्ट होत राहतं.

उन्हाळ्याची चाचणी

एक डबी फ्रीजमध्ये, एक कपाटात आणि एक गरमीत ठेवा. गरमीसाठी माझी युक्ती पोळ्यांच्या हॉटकेसची. त्यात ४५ अंशांचं पाणी भरायचं, डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोडायची आणि झाकण लावायचं. अर्ध्या तासानं थर्मामीटर बघून कढत पाण्याची भर घालायची. दोन तासांनी डबी तिरपी केली आणि मलम वाहिलं नाही तर ते चंद्रपूरच्या मे महिन्यालाही तोंड देईल. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या डबीची हमी मात्र मी कशाचीच देत नाही.

पृष्ठभागावर दवासारखे तेलाचे थेंब आले तर जाळ्याला तेल पेलत नाहीये. मेण एक-दोन टक्के वाढवा किंवा थोडं कँडेलिला मिसळा. फ्रीजमधलं मलम दगडासारखं झालं तर चिंता नको; मेण कमी न करता कोकमतेल कमी करून तिळाचं तेल वाढवा.

कांडीचा लिपबाम

मेण २५, कोकमतेल १५, एरंडेल २०, बदाम तेल ३९.५, ई जीवनसत्त्व ०.५. एरंडेल जाड आणि चिकट असल्यामुळे ओठांवर टिकतं आणि चकाकतं, पण ३० टक्क्यांपुढे गेलं तर ओठ ओठाला चिकटायला लागतात. कांडी कपाळावर घासून बघू नका. तिथे सगळंच गुळगुळीत लागतं. मनगटाच्या आतल्या बाजूला घासा आणि ओढ बसते का बघा.

लावण्याआधी, देण्याआधी

कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस वाट बघा. मधमाशीच्या मेणाची, प्रोपोलिसची (मधमाश्या पोळ्यात वापरतात त्या डिंकाची) किंवा तिळाची ॲलर्जी असणारी माणसं असतात. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर असे बाम नकोतच. ताज्या भाजलेल्या जागेवर किंवा चिघळलेल्या भेगांवरही नको. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या भेगा आधी डॉक्टरांना दाखवाव्यात.

डबीवर तारीख आणि घटक लिहा. कोरड्या बोटानं वापरली तर सहा महिने मी निर्धास्त असते, पुढे वास घेऊन ठरवते. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की टाकून द्यायचं.

भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० लागू होतात, उत्पादनाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. "घरगुती, नैसर्गिक" असं लेबल लावल्यानं त्यातून सूट मिळत नाही.

आणि भांडी. मेणाचं भांडं नळाखाली धरू नका. मोरीच्या नळीत मेण थिजलं की प्लंबरच बोलवावा लागतो. भांडं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्रानं दोनदा पुसा, मग कोरडं बेसन चोळून झटका आणि शेवटी कढत पाणी आणि साबण. काट्यावर सांडलेलं मेण खरवडू नका; थोडं तेल लावून दहा मिनिटं ठेवलं की कापसानं अलगद निघतं.